ताईने दाखल करून घेतलेली मोटारसायकल

पहिली मोटारसायकल निवडण्याचा क्षण माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो आणि त्या क्षणी त्याच्या चारित्र्याची कसोटी लागते. आमच्या घराण्यात हा क्षण आजवर कुणाच्याच वाट्याला आला नव्हता, त्यामुळे सगळ्यांचं चारित्र्य शाबूत होतं. आजोबा पायी चालत. वडील बसने जात आणि बस चुकली की पायी चालत. माझ्याकडे मोटार आहे, पण ती बायको चालवते. मी शेजारी बसून, जिथे ब्रेक असायला हवा होता तिथे पाय दाबत असतो. अशा घराण्यात मोटारसायकल घ्यायचं पहिल्यांदा ठरवलं ते माझ्या थोरल्या बहिणीने. इस्पितळातून निवृत्त झाल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, आणि कुणालाही न विचारता.

ताई परिचारिका. जन्मभर पुरुषांचा वॉर्ड सांभाळला. ती निवृत्त होऊन घरी आली आणि घर आजारी पडलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या, चादरींचे कोपरे पाकिटासारखे दुमडले जाऊ लागले आणि जेवणानंतर सगळ्यांनी गप्पा बंद करून पडून राहावं असा नियम झाला. सगळ्यांनी म्हणजे भाऊजींनी, कारण घरात दुसरं कुणी नव्हतंच.

भाऊजी नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त झालेले, अत्यंत निरोगी गृहस्थ. हाच त्यांचा दोष. ताई सकाळ-संध्याकाळ त्यांचा ताप बघायची, तो नसायचा, आणि तिचा चेहरा पडायचा. शेवटी त्यांनी मला फोन केला आणि आवाज खाली आणून विचारलं, "छोट्या, निदान थोडा खोकला तरी काढू का रे?"

मी पन्नाशी ओलांडलेला आहे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. घरात मला छोट्या म्हणतात आणि माझं कुणी ऐकत नाही. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध मी अजून सिद्ध करू शकलेलो नाही.

त्या फोननंतर मी ताईकडे गेलो. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, पाठ ताठ, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, कुणीतरी हाक मारील म्हणून वाट पाहणाऱ्या माणसासारखी. हाक कुणी मारत नव्हतं. भाऊजी आत पेपर वाचत होते आणि तब्येतीने ठणठणीत होते.

"मला घरी बसवत नाही रे, छोट्या," ती म्हणाली.

ताई तक्रार करत नाही. तक्रारी ऐकून घेणं हा तिचा पेशा. त्यामुळे तिच्या तोंडून हे वाक्य आल्यावर मी चहा मागितला.

उपाय अर्थात तिनेच काढला. आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करणारी एक संस्था होती आणि तिथे एक जागा निघाली होती. ताईच्या अनुभवापुढे मुलाखत घेणारेच संकोचले. पण अट एक होती: परिचारिकेकडे स्वतःची दुचाकी हवी. पुढच्या सोमवारी पर्यवेक्षिकाबाईंना मागे बसवून टेकडीवरच्या एका रुग्णाच्या दारापर्यंत नेऊन दाखवायचं. जमलं तर जागा ताईची. नाही जमलं तर दुसऱ्या उमेदवार मुलीची. तिच्याकडे स्कूटर होती, तरुण गुडघे होते. ताईकडे फक्त परवाना होता.

हा परवाना ही आम्हा सगळ्यांना नवी बातमी होती. गेले दोन महिने ती पहाटे उठून ड्रायव्हिंग स्कूलच्या एका खिळखिळ्या मोटारसायकलवर शिकत होती. भाऊजींना वाटत होतं, ती फिरायला जाते. ती फिरायलाच जात होती, त्यांनी फक्त कशावरून ते विचारलं नव्हतं.

"पण ताई, मग स्कूटरच घे की," मी म्हटलं. "सोपी पडेल. आरामात बसता येतं."

"तेच तर. स्कूटरवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो. सगळी नोकरी मी उभ्याने काढली. आता म्हातारपणी खुर्चीची सवय नको लावून घ्यायला."

हे तर्काला धरून नव्हतं. पण खोडूनही काढता येईना.

शनिवारी सकाळी आम्ही जुन्या मोटारसायकली विकणाऱ्या गॅरेजात गेलो. जुनी वापरलेली गाडी कशी पारखावी याबद्दल मी आदल्या आठवड्यात बरंच वाचलं होतं. साखळी सैल आहे का बघावं. टायरची नक्षी बघावी. इंजिन गार असताना सुरू करायला सांगावं. विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं, असंही एके ठिकाणी होतं. गॅरेजवाल्याने काळा चष्मा लावला होता.

त्याने पहिलीच गाडी अशी दाखवली की तिच्या टाकीत मला माझा चेहरा दिसला. तो जरा तरुण दिसत होता, म्हणून मला गाडी आवडली.

"काय त्रास आहे हिला?" ताईने विचारलं.

"त्रास? काही नाही बाई. एकदम फिट."

"काहीच नाही?"

"शपथेवर सांगतो."

"मग ही इथे कशाला आलीय?"

गॅरेजवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तो दुसऱ्या गाडीकडे वळला. ही तर त्याच्या मते हिरा होती. "एकाच माणसाने वापरलेली. तोही साधासुधा नाही, डॉक्टर!"

"मग तर नकोच," ताई म्हणाली. "डॉक्टर लोक वस्तू कशा वापरतात आणि कुठे टाकून जातात ते मला विचारा."

तिसऱ्या, हिरव्या गाडीचा हॉर्न तिने एकदा वाजवला, हाताने हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं आणि "हिला घरी सोडायला हरकत नाही" असा निर्णय दिला. गॅरेजवाल्याला वाटलं गाडी विकली गेली आणि तो कागद आणायला निघाला. मला खरा अर्थ ठाऊक होता. वॉर्डात जो बरा झाला त्याला घरी सोडतात आणि सिस्टर पुढच्या खाटेकडे जातात. मी त्याला थांबवलं.

अशाच पद्धतीने तिने पुढची अख्खी रांग बरी करून टाकली. तिच्या पाठीमागून मी टायर दाबत, साखळ्या ओढत, माझे हात काळे करत फिरत होतो आणि एकापेक्षा एक चांगल्या गाड्या तिच्या हातून निसटताना पाहत होतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण भलत्याच माणसाला बाजारात आणलंय. इतर माणसं गाडी बघायला जातात तेव्हा चांगली शोधतात. ताईला जन्मभर एकच गोष्ट शिकवली गेली होती: आत शिरलं की आधी कोण जास्त आजारी आहे ते बघायचं.

आणि ती तिला दिसली.

गॅरेजच्या अगदी मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी, अर्धवट फडक्याखाली एक मोटारसायकल भिंतीला टेकून उभी होती. उभी होती हे कौतुकाने म्हणतो. तिच्या खाली पुठ्ठा ठेवलेला होता आणि त्यावर थेंब थेंब तेल गळून डाग पडत होता. एक आरसा गायब होता, दुसरा आभाळाकडे बघत होता. सीटचा स्पंज बाहेर आला होता. ताई थबकली. तिची चाल बदलली. मी ती चाल लहानपणापासून ओळखतो; मला गोवर आला होता तेव्हा ती अशीच आली होती.

"हिला इथे कोपऱ्यात का टाकलंय?"

"ती विकायची नाही, बाई. तिचे पार्ट काढून दुसऱ्या गाड्यांना लावतो."

"जिवंतपणी?"

गॅरेजवाल्याने काळा चष्मा काढला. त्याचे डोळे मला प्रामाणिक वाटले, पण आता उशीर झाला होता. ताई गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसली होती आणि पुठ्ठ्यावरच्या तेलात बोट बुडवून रंग बघत होती.

"कधीपासून आहे असं?"

"वर्षभर तरी असेल."

"आणि तुम्ही नुसता पुठ्ठा ठेवलात. सुरू करा."

"होत नाही लवकर."

"मला घाई नाही."

त्याने किक मारली. पुन्हा मारली. शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि मारत राहिला. बऱ्याच वेळाने गाडीने घसा खाकरला, थरथरली आणि असा काही खोकला काढला की बाहेर रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मागून निळा धूर निघाला. ताईने टाकीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि घड्याळ लावलेलं मनगट वर धरलं. इंजिनचे ठोके मोजण्यात काही अर्थ नसतो हे मी तिला सांगणार होतो, पण त्या क्षणी तिथे बोलणं मला आणि गॅरेजवाल्याला दोघांनाही बरं वाटलं नाही.

"छातीत भरलंय," ती म्हणाली. "बाकी हृदय चांगलं आहे."

हे निदान सपशेल चुकीचं होतं. इंजिनच्या रिंगा झिजल्या होत्या, म्हणजे बिघाड नेमका हृदयातच होता. ते गॅरेजवाल्याने लगेच स्पष्टही केलं. तिला काही फरक पडला नाही. रुग्णाच्या नातेवाइकांकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.

"हीच घेते."

"ताई," मी मध्ये पडलो, "विचार कर. चांगल्या गाड्या दुकानदार पुढे लावतो. ही मागे आहे. त्यावरून निष्कर्ष असा निघतो की..."

"छोट्या, गप."

तर्कशास्त्रात याला खंडन म्हणत नाहीत. पण खंडन झालं.

मग गॅरेजवाल्याने जे केलं ते मी कुठल्याही दुकानदाराला करताना पाहिलेलं नाही. त्याने गाडी न विकण्याचा आटोकाट प्रयत्न केला. "बाई, मी धंदा करतो, पाप करत नाही. पहिलीच गाडी ना तुमची? मग ही नको हो. ती हिरवी घ्या. ती डॉक्टरांची घ्या. अहो साहेब, तुम्ही तरी सांगा! सोमवारी टेकडी चढायचीय म्हणता आणि ही तर गॅरेजचा उंबरा चढत नाही!"

"सोमवारपर्यंत किती दिवस आहेत?" ताईने विचारलं.

"रविवार. एकच."

"वॉर्डात एका दिवसात माणसं उठून बसतात. काय लागतं ते काढा."

त्या रविवारबद्दल मला ऐकीव माहिती आहे, कारण सकाळी तासभर थांबून मी कंटाळून घरी आलो. पण जेवढं पाहिलं आणि जेवढं नंतर कानावर आलं तेवढं सांगतो. गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं आणि ताई त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिली. स्वच्छ फडकं अंथरून तिने त्याचे सगळे पाने लहान-मोठे असे ओळीत मांडले. त्याचा हात मागे आला की त्यात पाना पडायचा. सुरुवातीला चुकीचा पडायचा. त्या पान्यांची नावं तिला ठाऊक नव्हती आणि त्याला त्या वेगाची सवय नव्हती. मग दोघं जमले. नट आणि बोल्ट तिने मोजून एका वाटीत ठेवले होते आणि इंजिन बंद करण्याआधी पुन्हा मोजले. "आत काही राहता कामा नये," ती म्हणाली. गॅरेजवाला मला पुढे सांगत होता की या धंद्यात इतकी वर्षं झाली, पण काम संपल्यावर नट शिल्लक राहिला नाही असं पहिल्यांदाच झालं आणि त्यामुळे त्याला रात्री जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

निघताना त्याने बजावलं, "नव्या रिंगा आहेत, सिस्टर. घट्ट असतात. चढावर तापेल. तापली की दामटायचं नाही, थांबायचं."

"तापलेल्या पेशंटला दामटायचं नसतं हे मला सांगताय?"

सोमवारी सकाळी संस्थेच्या दारात ताई मोटारसायकल घेऊन उभी राहिली. हेल्मेट, पांढरा कोट, पाठीवर औषधांची बॅग. एकच आरसा होता, तोही आता माणसांकडे बघत होता. मी आणि भाऊजी रस्त्याच्या पलीकडे, ओळख न दाखवता, एका झाडामागे उभे होतो. झाड बारीक होतं. भाऊजींच्या हातात टेकडीचा त्यांनी स्वतः काढलेला नकाशा होता आणि त्यावर प्रत्येक वळण लाल शाईने दाखवलं होतं. ताईने तो घरीच नाकारला होता. "रस्ता एकच आहे, अहो," ती म्हणाली होती, "आणि तो वर जातो."

पर्यवेक्षिकाबाई बाहेर आल्या. भरभक्कम बाई, हातात पर्स, चेहऱ्यावर संशय. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग ताईच्या पिकलेल्या केसांकडे, मग पुन्हा गाडीकडे. या दोहोंत जास्त जुनं कोण याचा त्या अंदाज घेत असाव्यात.

"नीट चालते ना ही?"

"काल रात्री छान झोप लागली हिला," ताई म्हणाली. "बसा."

पर्यवेक्षिकाबाई मागे बसल्या तेव्हा गाडी दोन बोटं खाली गेली. भाऊजींनी डोळे मिटले. पण गाडी पहिल्याच किकला सुरू झाली आणि ताई, पाठ ताठ, रहदारीत शिरली. इंडिकेटर दिला, हातानेही दिला, शिवाय मान वळवूनही पाहिलं. आमच्या घराण्यात आजवर असा कुणी रस्त्यावरून गेलेला नव्हता. माझी छाती भरून आली. मी भाऊजींकडे वळलो तर ते शर्टाच्या बाहीने चष्मा पुसत होते आणि चष्मा डोळ्यांवरच होता.

"ताप बघा तुमचा," मी म्हटलं.

"नॉर्मल असणार रे," ते म्हणाले. "माझं नशीबच तसं."

टेकडीच्या पायथ्यापर्यंत आम्ही रिक्षाने गेलो आणि तिथे वर बघत थांबलो. वळणावळणाने गाडी चढताना दिसत होती. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाला ती झाडांआड गेली आणि बाहेर आलीच नाही. आवाजही थांबला.

आम्ही वाट पाहिली. मग आम्ही चढायला लागलो. नकाशे काढणारा माणूस टेकडी चढत नसतो आणि तर्कशास्त्राचा प्राध्यापक तर जिनाही टाळतो. त्यामुळे त्या चढावर आम्ही दोघांनी जे आवाज काढले ते ताईच्या गाडीच्या खोकल्यापेक्षा वेगळे नव्हते. वाटेत माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: स्वयंपाकघरातलं स्टूल आणि त्यावर ताठ बसलेली ताई. स्कूटरवाल्या त्या मुलीचा मला उगीचच राग येऊ लागला. तिने माझं काही वाकडं केलं नव्हतं.

तिसरं वळण आलं. मोटारसायकल रस्त्याच्या कडेला स्टँडवर उभी होती आणि तिच्या इंजिनातून टिक् टिक् आवाज येत होता. रस्त्याच्या कठड्यावर पर्यवेक्षिकाबाई बसल्या होत्या. त्यांचा एक बूट काढलेला होता. ताई त्यांच्यापुढे उकिडवी बसून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबत होती.

"बघा, खळगा पडतो की नाही? आणि भरून यायला किती वेळ लागतोय. कधीपासून आहे सूज?"

"वर्षभर तरी असेल," पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही नुसते मोठ्या मापाचे बूट घेतलेत. या आठवड्यात डॉक्टरला दाखवायचं. टाळायचं नाही. आणि जेवताना वरून मीठ घेता ना? तेही बंद."

"घेते हो. थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती ते मला माहीत आहे."

पर्यवेक्षिकाबाईंनी मान खाली घातली. वर्षानुवर्षं इतरांना तपासणाऱ्या त्या बाईंना बहुधा बऱ्याच दिवसांनी कुणीतरी तपासत होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय कुठल्या कुठे गेला होता. आम्ही दोघं धापा टाकत उभे होतो. ताईने वर पाहिलं.

"हे कोण?" पर्यवेक्षिकाबाईंनी विचारलं.

"हे आमचे हे, आणि हा धाकटा भाऊ. श्वास बघा कसा लागलाय दोघांना. खाली बसा रे. बोलू नका."

आम्ही बसलो. ताईने बोटांची मागची बाजू इंजिनला लावून पाहिली, जशी ती कपाळाला लावते, आणि थोडा वेळ थांबली. मला वाटलं पर्यवेक्षिकाबाई घड्याळ बघतील, काहीतरी लागट बोलतील. त्या बुटाची नाडी बांधत होत्या.

"बंद पडली होती का?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"पडली नाही. थांबवली," ताई म्हणाली.

मग तिने एक किक मारली. गाडी सुरू झाली. धूर नाही, खोकला नाही. पर्यवेक्षिकाबाई स्वतःहून मागे बसल्या, या वेळी ताईच्या खांद्यावर हात ठेवून, आणि दोघी वर गेल्या. वरच्या वळणावर ताईने हॉर्न वाजवला. तो आमच्यासाठी होता असं भाऊजींचं म्हणणं आहे. समोर म्हैस होती, हे मी पाहिलं, पण बोललो नाही.

जागा ताईला मिळाली. संध्याकाळी संस्थेचा फोन आला तेव्हा ती स्टुलावर नव्हती. अंगणात गाडी पुसत होती. भाऊजींनी टेकडीच्या त्या नकाशावर तिसऱ्या वळणापाशी एक छोटा तारा काढला आणि तो चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला. मी कॉलेजात सगळ्यांना सांगितलं. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांना आधी विचारायला लावलं. माझ्या सांगण्यात टेकडी आता बरीच उंच झाली आहे आणि धुकंही येऊ लागलं आहे. गॅरेजवाल्याने ती मोटारसायकल विकल्याची गोष्ट आपल्या गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली आहे आणि मागच्या कोपऱ्यातल्या दोन मोडक्या गाड्या पुसून पुढे मांडल्या आहेत. भाऊजींचा ताप बघणं बंद झालं. त्यांना करमत नाही, असं ते म्हणतात, पण चेहऱ्यावर तसं दिसत नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी ताईला चार रुग्णांची नावं आणि पत्ते मिळाले. परिचारिकेचा जाण्यायेण्याचा वेळ वाचावा म्हणून संस्था तिच्या घराजवळचेच रुग्ण देते. चौघेही ताईच्या समोरच्या इमारतीत राहतात. तिथे लिफ्ट आहे.